दर्भाचा कावळा

खोटं वाटेल, पण शैलजाकाकूंनी हे मला देवासमोर बसून सांगितलंय.

ओहायोतलं डब्लिन. दसऱ्यानंतरच्या रविवारची लख्ख दुपार.

अरुणकाकांना पार्किन्सन्स. म्हणून सगळं जेवण मिक्सरमधून काढलेलं. त्या दिवशी काकू भोपळ्याचं सूप भरवत होत्या. दोन चमचे सुरळीत गेले.

तिसरा... गेलाच नाही.

पाण्याचा घोटही परत आला. लाळसुद्धा उतरेना.

काकूंना मोठे दीर आठवले.

गुरुनाथभाऊजी. बेसमेंटमध्ये कीर्तनाला उभे राहिले, की आख्यान ऐकताना आयटीतली पोरंही डोळे पुसायची. काय गोड गळा! मागच्या वर्षी स्ट्रोक आला. वाचा गेली, गिळणं गेलं, पोटात नळी बसली. मग काकाच म्हणाले, दादानं मला पूर्वीच सांगून ठेवलंय, नळीवर जगवू नका.

काकूंनी विश्वास ठेवला. नळी बंद झाली. भाऊजी गेले.

दहाव्याला ओढ्याकाठी झाडभर कावळे होते. काकांनी हात जोडून काय काय कबूल केलं...

एकही शिवला नाही.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि मंडळी घरी आली.

त्या रविवारी काकांना हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे डॉक्टर आश्लेषा, आपल्या नागपूरची. ती म्हणाली, "काकू, या आजारात गिळणं हळूहळू जातं. असं एकदम दार लावल्यासारखं नाही. आत काहीतरी अडकलंय."

"सूपमध्ये काय अडकणार गं?"

घशात दुर्बीण घातली. चिमट्यात आला... भाताचा गोळा.

काळे तीळ लागलेला. आणि त्यात रुतलेली दर्भाची काडी.

घरात कित्येक दिवसांत भात शिजला नव्हता.

शुद्धीवर येताच काका रडायला लागले. काकूंनी त्यांचा हात धरला.

"दादा तसं कधीच म्हणाला नव्हता, शैला. शेवटी तर तो खुणेनं भात मागत होता. मी दमलो होतो गं."

काकूंनी हात सोडला.

"हे दमले होते म्हणे," त्या मला म्हणाल्या. "नळीतून द्यायला रात्री-अपरात्री मी उठत होते. मला विचारलं असतं, तर मी आणखी दहा वर्षं उठले असते."

काका आता बरे आहेत. काकू वेळेवर भरवतात. बोलत नाहीत.

परवा मी तिथेच होते. काकूंनी चमचा पुढे केला. काकांनी घास घेतला. गळ्याची घाटी एकदाच हलली.

गिळल्याचा आवाज मात्र...

दोनदा आला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पुढचा चमचा भरला.