काकवी बाउलच्या पेटीतलं पत्र

कल्पना करा, मुलांनो. दोन हजार चोवीस सालचा पहिला दिवस उजाडला आहे. अलाबामातल्या डनकॅसल गावात घरोघरी नव्या वर्षाची चवळी शिजते आहे, आणि स्टेडियमबाहेर लोक उकडलेल्या शेंगा सोलत रांगेत उभे आहेत. तुम्ही मात्र रांगेत नाही. तुम्ही आहात स्टेडियमखालच्या संग्रहालयात, अकरा वर्षांच्या जोसेटच्या शेजारी. समोर काचेची पेटी, पेटीवर निळं कापड. जोसेटच्या आजोबांनी कापड ओढलं.

आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे माझं पत्र नाही," ल्यूशस टरंटाइन म्हणाले.

त्यांचं पत्र कोणतं, ते आधी सांगतो. शरदात कॉलेजांच्या फुटबॉलचा मोसम सुरू होतो. मोसम गाजवलेल्या दोन संघांना आमंत्रण देऊन डनकॅसल एक जानेवारीला एकमेकांशी झुंजवतं. हा सामना म्हणजे काकवी बाउल. जिंकणाऱ्याला काकवीचा पितळी डबा मिळतो, आणि विजेत्याचं नाव संग्रहालयाच्या भिंतीवरच्या पाटीवर चढतं. पाटीची पहिली ओळ आहे '१९४८', पुढे ओहायोच्या एका कॉलेजाचं नाव.

त्या ओहायोच्या संघात ॲम्ब्रोज टरंटाइन खेळायचा. ल्यूशस हे घरातलं शेंडेफळ, ॲम्ब्रोज सगळ्यांत थोरला भाऊ. संघात तो एकटाच काळा. संघ डनकॅसलला आला, जिंकला, ॲम्ब्रोज मात्र आला नाही. गाव म्हणालं, त्याचा गुडघा दुखावला होता. ॲम्ब्रोज मरेपर्यंत म्हणत राहिला, माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं.

ल्यूशसनी चाळीस वर्षं याच स्टेडियममध्ये खेळाडूंचे कपडे धुतले. गेल्या ऑक्टोबरात त्यांना पायऱ्यांखालच्या एका जुन्या ट्रंकेत बाउल समितीच्या पत्राची बिनतारखेची प्रत सापडली. 'तुमच्या काळ्या खेळाडूला घरी ठेवा, नाहीतर तुम्हीही येऊ नका.' खाली तेव्हाच्या अध्यक्षांची सही. समितीने नाक मुरडत का होईना, दोन गोष्टी कबूल केल्या. पत्र पेटीत लागेल, आणि आज मध्यंतरात ॲम्ब्रोजचं नाव भोंग्यावरून पुकारलं जाईल. काल संध्याकाळी ल्यूशसनी स्वतः पत्र पेटीत ठेवून कुलूप लावलं होतं.

आता तिथे दुसराच पिवळट कागद होता, टाइप केलेला. जोसेटने चवड्यांवर उभं राहून तो वाचला.

'१८ डिसेंबर १९४७. समितीस, तुमच्या येत्या एक जानेवारीच्या सामन्याला मी येऊ शकत नाही. गुडघा दुखावला आहे. ॲम्ब्रोज टरंटाइन.'

समितीचे अध्यक्ष हॉलिस क्रेनशॉ तोवर आत आले. कोटाला सोनेरी फीत होती, कारण आज त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. पहिल्या काकवी बाउलच्या दिवशीच आपण जन्मलो, हे ते भेटेल त्याला ऐकवायचे, आणि गाव त्यांना दरवर्षी केक पाठवायचं. मूळ पत्रावरची सही त्यांच्या वडिलांची होती.

त्यांनी कागद वाचला आणि ते हसले. "गुडघाच होता तर. पंचाहत्तर वर्षं आमच्या घराण्याला शिव्या खायला लावल्यास, ल्यूशस."

"पत्र बदललंय, साहेब. तुम्हालाही ठाऊक आहे."

"मला काही ठाऊक नाही. तुझा कागद मी वाचलाच नाही. बापाची निंदा मी चवळीबरोबर चघळत नसतो."

खरंच, त्यांनी तो वाचायचं नाकारलं होतं. समितीकडून तो वाचला होता फक्त प्रेस्कॉट वेल यांनी. काकवी बाउलचा इतिहास लिहायला समितीने त्यांना बॉस्टनहून आणलं होतं. माणूस मोठा गोड बोलणारा. भेटला की जोसेटच्या डोक्यावर टपली मारून पेपरमिंट द्यायचा. त्याच्या पुस्तकाचे खोके भिंतीशी रचलेले होते, एक उघडा, बाकीचे चिकटपट्टी लावलेले. दार उघडलं की विक्री सुरू होणार होती.

खोक्यांशी उभ्या असलेल्या वेलनी खेदाने मान हलवली. काल आपण पाहिलं ते हेच पत्र, असं ते म्हणाले. म्हातारपणी माणूस चष्म्याशिवाय वाचतो आणि त्याला हवं तेच दिसतं.

"मीपण वाचलं होतं," जोसेट म्हणाली. "मला चष्मा नाही."

"तुला आजोबा आहेत," क्रेनशॉ म्हणाले.

बंदोबस्तावरच्या शेरिफच्या हवालदार नॉर्मा स्टबलफील्ड यांना बोलावलं गेलं. पहाटेपासून गाड्या वळवून त्यांचं डोकं उठलं होतं. त्यांनी दाराला कडी घातली आणि सरळ विचारलं, किल्ल्या कोणाकडे? तिघांकडे: ल्यूशस, क्रेनशॉ, वेल. सकाळी आधी कोण आलं? वेल, सात वाजता, खोके उतरवायला. बाहेर गेले होते का? नाही. क्रेनशॉ? आत्ता आले. ल्यूशस? नातीबरोबर, नऊला.

"म्हणजे तिघांपैकी कोणीही," हवालदारबाई पुटपुटल्या. "दहाला दार उघडायचंय. लवकर आटपा."

क्रेनशॉ आटपायलाच बसले होते. ल्यूशसनी किल्ली टेबलावर ठेवावी आणि मागच्या दाराने घरी जावं. मध्यंतरात कोणतंही नाव पुकारलं जाणार नाही. आज नाही आणि पुढेही कधी नाही.

आजोबांनी खिशातून किल्ली काढली. ती टेबलावर ठेवली. जोसेटला वाटलं, हे क्रेनशॉंचंच काम. तिला तसंच हवं होतं. पण त्यांच्या कोटावरच्या फितीवर पंचाहत्तरचा आकडा होता, आणि ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने बोटांवर वजाबाकी केली, उघड्या खोक्यातलं एक पुस्तक उचलून पहिलं पान वाचलं, आणि टेबलावरची किल्ली आपल्या मुठीत घेतली.

"वेल साहेब, पहिला सामना कधी झाला?"

"पाटीवर आहे की, बाळ. एक जानेवारी एकोणीसशे अठ्ठेचाळीस."

"काय?" क्रेनशॉ गर्रकन वळले. "एकोणपन्नास. मी जन्मलो त्या दिवशी. मला शहात्तर वर्षांचा करतोस की काय?"

बाहेर बँडवाले सूर जुळवत होते.

"पाटीवर मोसमाचं साल असतं," जोसेट हवालदारबाईंना म्हणाली. "अठ्ठेचाळीसच्या शरदात मोसम सुरू झाला, म्हणून पाटीवर अठ्ठेचाळीस. पण सामना त्या मोसमाच्या शेवटी, म्हणजे एकोणपन्नासच्या एक जानेवारीला. डनकॅसलचं शेंबडं पोरही हे जाणतं. ॲम्ब्रोज आजोबांनी खरंच पत्र लिहिलं असतं, तर अठ्ठेचाळीसच्या डिसेंबरात लिहिलं असतं. या पत्रावर सत्तेचाळीस आहे. तेव्हा काकवी बाउल नव्हताच. जो सामना नाही, त्याला यायला जमत नाही असं कोण कळवेल?"

"मग हे लिहिलं कोणी?" हवालदारबाईंनी विचारलं.

"ज्याने पाटीवरून साल उचललं आणि त्याआधीचा डिसेंबर धरला, त्याने. माझे आजोबा असं चुकणार नाहीत. क्रेनशॉ साहेब तर आपला वाढदिवस कोणाला विसरू देत नाहीत." तिने पुस्तक पुढे धरलं. "इथे पहिल्याच पानावर तीच चूक छापलीये. आणि त्याखाली लिहिलंय, काकवी बाउलने कधीही कोणत्याही खेळाडूला दूर ठेवलं नाही. पुस्तक छापून झालं, आणि मग आजोबांचं पत्र लागणार असं ठरलं. म्हणजे पुस्तक खोटं पडणार."

"हे तू तपासलं नाहीस, हॉलिस?" हवालदारबाई म्हणाल्या.

"मी वडिलांच्या फोटोपासून पुढे वाचलं," क्रेनशॉ गुरगुरले.

वेल हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही. हे सगळं पोरकटपणाचं आहे, त्यांनी बजावलं.

"सातपासून ते बाहेर गेलेले नाहीत," जोसेट म्हणाली. "म्हणजे पत्र इथेच आहे. त्या तिसऱ्या खोक्याची पट्टी दोनदा चिकटवलीये."

हवालदारबाईंनी चाकूने पट्टी कापली. सर्वांत वरच्या पुस्तकात, मलपृष्ठाच्या आत, समितीचं पत्र घडी घालून ठेवलेलं होतं. फाडून का टाकलं नाही, असं त्यांनी विचारलं. जुना कागद फाडायला हात धजेना, वेल म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. चार वर्षं आपण हे गाव चांगलं दिसेल असं पुस्तक लिहीत होतो, आणि गावालाही तेच हवं होतं. क्रेनशॉंकडे बघून ते म्हणाले, "तुम्हालाही."

हवालदारबाई वेलना मागच्या दाराने घेऊन गेल्या.

दहाला पाच कमी होते. क्रेनशॉंनी पत्राकडे हात पुढे केला. समितीची बैठक बसेल, मग बघू, ते म्हणाले. आज इतक्या पाहुण्यांसमोर नको. माफी त्यांनी मागितली नाही, आणि ल्यूशसनीही ती मागायला लावली नाही. ते फक्त पेटीजवळून हलले नाहीत.

जोसेटने खोटा कागद काढून टेबलावर टाकला. खरं पत्र काचेखाली नीट पसरलं, कुलूप लावलं, किल्ली मोज्यात सारली. मग ती दाराकडे गेली आणि कडी काढली. शेंगांचा वास आणि माणसं एकदमच आत आली. ती खुर्चीवर चढली आणि ते पत्र मोठ्याने वाचू लागली, पहिल्या शब्दापासून खालच्या सहीपर्यंत. सही वाचून झाली तेव्हा क्रेनशॉ अजून तिथेच उभे होते. नवी माणसं आत आली, तशी तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.