चार डावे बूट

"ही बघा चोर!" दुकानदाराने सतरा वर्षांच्या भाचीला दंडाला धरून पुढे ओढलं. "बहीण गेल्यावर हिला घरात घेतलं, दुकानात कामाला लावलं, आणि हे असे पांग फेडले! संध्याकाळपर्यंत बूट मिळाले नाहीत, तर पोलिसांत देतो."

चोरीचा छडा लावायला आलेल्या हेरबाईंनी आधी त्याचा हात सोडवला. सोबतचे प्राध्यापक गुन्हेगारीशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं.

"वाईट संगत," ते म्हणाले. "नाहीतर चैनीची हाव. किंवा आयती संधी."

मांडणीत डावा बूट, उजवा आत खोक्यात, ही दुकानाची पद्धत. पहिला बूट दर्शनी काचेतून गेला आणि त्याच दिवशी दुकानदाराने गिऱ्हाइकांदेखत मुलीची झडती घेतली. मग फळीवरचे आणखी तीन गेले.

"काचेतला माल कोण लावतं?" हेरबाईंनी दुकानदाराला विचारलं.

"मीच. उन्हाने विटलेला काढतो, नवा लावतो. कुणाला हात लावू देत नाही."

विक्रेता हळूच म्हणाला, "बाई, रोज घरी जाताना आमची झडती होते. गोदामही पालथं घातलंय. मालकांचं कपाट तेवढं राहिलं. कुलूप नाही त्याला, पण उघडायची आमची काय बिशाद!"

भाची एवढंच म्हणाली, "मामा म्हणतात ना मी चोर? मग असेन."

हेरबाईंनी प्राध्यापकांना चारही बुटांची खोकी आणायला पिटाळलं.

"तीन हलकी, हे एक मेलं जड," ते कुरकुरले.

हेरबाईंनी जड खोकं उघडलं. आत अख्खी जोडी होती, डावा बूट विटलेला.

"पहिली चोरी झालीच नाही. काचेतला माल बदलताना हा तुम्हीच आत ठेवलात आणि विसरलात. बाकीचे तीन गेले ते झडतीनंतर. एकाच पायाचा बूट कोण घालणार, कोण घेणार? चोराला बूट नकोच होते. रिकामी जागा तुमच्या डोळ्यांत खुपायला हवी होती. झडतीतून तर काही बाहेर जात नाही. म्हणजे बूट इथेच आहेत, तुम्ही शोधणार नाही तिथे."

त्यांनी दुकानदाराचं कपाट उघडलं. तीन डावे बूट ओळीने मांडलेले होते.

"म्हणजे चोर हीच!"

"शिक्का!" प्राध्यापकांना आत्ता उमगलं. "एकदा शिक्का बसला, की पोर तसंच..."

"मुलीची माफी मागा," हेरबाई म्हणाल्या.

"माफी? माझ्याच दुकानात?"

भाचीने पिशवी उचलली. ती दाराशी पोचली, तेव्हा दुकानदाराचा हात सवयीने पुढे झाला. तिने पिशवी गल्ल्यावर उपडी केली. डबा, कंगवा, आईचा जुना चष्मा.

"नीट बघून घ्या, मामा. मी परत येणार नाही."

सामान भरून ती निघून गेली. दुकानदार वळला, आणि त्याने फळीवरचे बूट मोजायला घेतले.