एकदम उलटलेली दोन पानं

हॅमिश क्वेलला पानं उलटायला माणूस हवाय, हे ऐकून मी जागच्या जागी थिजले. लॉन्सेस्टनच्या त्या हॉलमध्ये मी गेले होते एका विद्यार्थिनीचा विसरलेला स्वेटर आणायला, बस्स. अर्ध्या जगात वाजवून आलेला पियानोवादक... आणि समोर नोटेशनचं पुस्तक? एकट्याने वाजवणारे सगळं पाठ वाजवतात. माझ्याकडची आठ वर्षांची पोरंसुद्धा!

ठरलेली मुलगी तापाने आडवी पडली होती. व्यवस्थापक बाईंनी मला दारातच गाठलं.

"नोटेशन वाचता येतं?"

"येतं. पियानो शिकवते मी."

"मग चला."

आणि मी त्याच्या डाव्या हाताला खुर्चीवर! काम सोपं असतं. उठायचं, पानाचा वरचा कोपरा धरायचा, त्याने मान हलवली की उलटायचं आणि पुन्हा बसायचं. आपण तिथे नाहीच असं वागायचं.

"पेपरमिंट खाताय का?" पडदा उघडायच्या आधी त्याने हळूच विचारलं.

"...थुंकून येऊ?"

"नको. मला एक द्या."

दुसऱ्या दिवशी त्याने दौऱ्यातल्या उरलेल्या तिन्ही गावांसाठी मलाच मागून घेतलं. डेव्हनपोर्टच्या वाटेवर गाडी तो चालवत होता, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"विचार ना," तो म्हणाला, "पुस्तक कशाला ते. सगळ्यांना विचारायचं असतं."

"मला नाही विचारायचं."

"खोटारडी."

मग त्यानेच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी सिडनीत, भर कार्यक्रमात त्याचं डोकं कोरं पडलं. पुढचा एकही सूर आठवेना. भरलेल्या हॉलसमोर तो उठून आत निघून गेला. तेव्हापासून पुस्तक. लंडनच्या आयोजकांनी तर स्पष्टच कळवलं होतं, पाठ वाजवणार असशील तर ये.

"होबार्टचा शेवटचा," तो म्हणाला. "मग अ‍ॅडलेडला शिकवायची नोकरी. तिकडे पियानोच्या बाईंची फार टंचाई आहे म्हणे."

"असं कोण म्हणतं?"

"मीच... आत्ता."

मी खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजत बसले. कान मात्र तापले होते.

रविवारी दुपारी बर्नीला ते घडलं. सोनाट्याचा संथ भाग चालू होता. त्याच्या मानेवर कानामागे एक छोटासा तीळ आहे, आणि वाजवताना तो कॉलरमागे लपतो, पुन्हा दिसतो... त्याने मान हलवली. मी पान उलटलं, बसले आणि पुस्तकाकडे पाहिलं. मी दोन पानं एकदम उलटली होती.

आता थांबेल. सिडनीसारखाच उठून जाईल. माझ्यामुळे.

तो थांबला नाही. डोळे त्या चुकीच्या पानावर खिळलेले, आणि बोटं वाजवत होती बरोब्बर तेच, जे त्या पानावर नव्हतंच. मधल्या सुटलेल्या पानाच्या दोन्ही बाजू भरून वाजवलं त्याने ते. पुढची मान हलली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच नाही, कारण पुस्तक आधीच तिथे होतं. त्याला पत्ताही नव्हता.

म्हणजे सगळं पाठ होतं त्याला. लंडन त्याचं होतं. आणि मी गप्प बसले तर... अ‍ॅडलेड माझं.

समुद्राकाठच्या बाकावर चिप्स खाताना मी सांगून टाकलं. त्याच्या हातातली चिप तशीच राहिली.

"काहीतरीच बोलू नकोस."

"दोन बाजू, हॅमिश. एकही चूक नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस. तुझ्या हातून दोन पानं उलटणारच नाहीत. तीन कार्यक्रमांत एक कोपरा दुमडला नाहीस तू!"

"उलटली."

"कशी? लक्ष कुठे होतं तुझं?"

खोटं बोलायची वेळ होती ती. पण मग त्याला पटलं नसतं.

"तुझ्याकडे," मी म्हणाले. "तुझ्या मानेकडे. आता झालं समाधान?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग आधी गेला, मग परत आला, जरा जास्तच. त्याने बोटं स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि त्या सुटलेल्या दोन बाजू आवाजाशिवायच वाजवून पाहिल्या, शेवटपर्यंत. मग चिप्सचा पुडा बाजूला सारून तो रडायलाच लागला. मोठा माणूस असा रडताना मी कधी पाहिला नव्हता. मी घाबरून त्याचा हात धरला, तो त्याने सोडू दिला नाही.

होबार्टला तो मंचावर एकटाच आला, पुस्तकाशिवाय. लंडनला त्याने तसं आधीच कळवलं होतं, आणि ते तिथून थेट ऐकणार होते. मी तिसऱ्या रांगेत. इतके दिवस मी त्याची डावीच बाजू पाहिली होती. समोरून दिसणारा उजवा गाल मला परक्या माणसाचा वाटला. पाऊण तास मी श्वास मोजत होते. शेवटचा सूर विरला आणि लोक उभे राहिले.

आत गेले तेव्हा लंडनचा फोन येऊन गेला होता.

"जानेवारीपासून वर्षभर," तो म्हणाला. "येशील... माझ्याबरोबर?"

"माझ्या मुलांच्या परीक्षा नोव्हेंबरात आहेत."

"परीक्षांचं नाही विचारलं मी, ब्रॉन्विन."

मी नाही म्हणणार होते. घर, आई, बावीस शिकवण्या, सगळी कारणं तोंडपाठ होती. तोंड उघडलं आणि त्यातलं एकही आठवेना.

"येईन," मी म्हणाले, आणि हे आपण काय बोलून बसलो म्हणून मलाच धक्का बसला.