पेशीला मांडव

दयाची पेशी कोसळली ती नेमकी मधल्या सुट्टीत, म्हणजे सगळं कॉलेज बघायला मोकळं असताना. दया शेवगावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. महिन्यावर विज्ञान प्रदर्शन आलं होतं, आणि मुलांना आत शिरून बघता येईल अशी खोलीएवढी पेशी करायची, हा हट्ट तिचाच. गुलाबी कापडाचं आवरण, थर्माकोलचं केंद्रक, सगळं छताच्या हुकांना टांगलेलं... आणि आता सगळं तिच्या डोक्यावर.

कापडाचं टोक कुणीतरी अलगद उचललं. स्नेहसंमेलनाचा मांडव सोडायला आलेला नोहा. खांद्यावर दोराचं वेटोळं, आणि हसू दाबताना त्याची चांगलीच तारांबळ उडालेली.

"मॅडम, ह्ये उभं कशावर राहनार हुतं?"

दया ओशाळली. पेशीचा सांगाडाच तिनं वगळला होता. परीक्षेला त्यावर फारसं येत नाही, म्हणून वर्गातही तो भाग ती दरवर्षी घाईतच उरकायची.

मग नोहा संध्याकाळचा येऊ लागला. ती सांगायची, तो उभारायचा. सूक्ष्मनलिका पोकळ असतात म्हटल्यावर त्यानं मांडवाचे पाइप आणले. आवरणाला आतून आकार देणाऱ्या, पेशीला पुढं सरकवणाऱ्या बारीक तंतूंसाठी सुतळीचं जाळं विणलं. ओढाताण सोसणाऱ्या मधल्या जाडीच्या तंतूंसाठी पीळदार काथ्या घेतला. नळ्यांवरून काही प्रथिनं पाठीवर ओझं घेऊन चक्क पावलं टाकत जातात, हे ऐकल्यावर तो थबकला. पायीच का, असं त्यानं विचारलं. पायीच, ती म्हणाली. त्यांच्या कष्टाची आपल्याला पुरेपूर कल्पना आहे अशी त्यानं मान हलवली, आणि दयाला तो फार आवडला. दोर देता-घेता बोटं लागत होती... दोघंही मग उगाचच दोराकडे निरखून बघायचे.

त्यातच पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं पत्र आलं. पाच वर्षांचं काम, पेशीवरच. आठवडाभरात कळवायचं होतं, आणि सहा दिवस झाले तरी दयानं कळवलं नव्हतं. का, ते तिला पक्कं ठाऊक होतं. नोहानं नुसतं राहा म्हटलं असतं तरी ती राहिली असती, आणि याचीच तिला धास्ती वाटत होती.

सातव्या दिवशी, रविवारी, चर्चमधल्या उपासनेनंतर तो आला तेव्हा तिनं सगळा सांगाडा स्वतःच बांधून ठेवला होता. सगळ्या निरगाठी, दात लावून आवळलेल्या. नोहानं एक गाठ चाचपली आणि तो खालीच बसला.

"मांडवाला सुरगाठ मारत्यात, मॅडम. एक टोक वढलं की सुटली पायजे. तुमी तर हाडं बांधल्यासारखं बांधलंय."

तो म्हणाला ते खरंच होतं. पेशीचा सांगाडा हाडांसारखा नसतोच. नळ्या एकीकडे सुटतात, दुसरीकडे जोडल्या जातात, दिवसभर. पेशी दुभंगायच्या वेळी तर जुनी बांधणी मोडून नवी उभी करावी लागते, नाहीतर एकीच्या दोन होतच नाहीत. हे सांगता सांगता दयाही खाली बसली. तिनं पत्राचं सांगून टाकलं.

दोघं गाठी सोडत बसले. पाण्यानं भिजवायच्या, नखानं उकरायच्या.

"जा तुमी," तो म्हणाला.

तिला वाईट वाटलं. "इतक्या सहज म्हणता?"

"सहज न्हाई म्हनत." तो मान खाली घालूनच बोलला. "तुमी मला लई आवडता. म्हनून म्हनतोय... न्हाईतर राहा म्हनलो असतो."

गुलाबी कापडातून उन्हं आत आली होती. कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. पाच वर्षं वाट बघाल का, हे तिनं इतकं हळू विचारलं, की तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं. त्याला मात्र आलं.

"वाट बघत बसायचं मला जमत न्हाई. ज्या दिवशी लग्नाचा मांडव नसंल, त्या दिवशी सकाळच्या एसटीनं पुण्याला येत जाईन. चालंल?"

त्या दुपारी दयानं दोन होकार दिले. पुण्याला ईमेल करून, आणि नोहाला, काथ्यानं सोलवटलेला त्याचा हात हातात घेऊन.