दगड काढला का?

ही घटना खरी आहे. हॉरर पेजवर सगळेच असं लिहितात, माहीत आहे मला. मीही वाचते आणि हसते.

पण यात खोटं असलंच तर ते मी बोललेलं आहे. दोनदा बोलले. कुठे, ते तुमच्या लक्षात येईलच.

तारीख सतरा ऑगस्ट २०२५. रविवार. दुपारचे साडेतीन. रात्र नव्हती, अमावस्या तर मुळीच नव्हती.

जोडून सुट्टी आली की पुण्यातल्या माणसाला कोकणात जावंच लागतं. आम्हीही गेलो होतो. परत येताना घाट चढत होतो. घाटाचं नाव लिहीत नाही. तिथे एक बाई राहते. तिच्यापर्यंत हे पोहोचावं की नाही, ते माझं अजून ठरत नाही.

गाडीत आम्ही दोघंच. मी तनया, कोथरूडला गणिताच्या शिकवण्या घेते. सलिल माझा नवरा, खराडीला आयटीत. सकाळपासून आमचं भांडण चाललं होतं. कशावरून, ते आता आठवतही नाही.

धुकं इतकं, की वळण आल्यावरच कळायचं.

'दरडप्रवण क्षेत्र. वाहने सावकाश चालवा.'

पाटी वाचून सलिल म्हणाला, "सावकाश म्हणजे काय? दरड पडेपर्यंत थांबायचं?"

मी हसले नाही. पुढच्याच चढावर आमची जुनी गाडी तापली. बॉनेटमधून वाफ यायला लागली.

हँडब्रेक नावापुरताच होता. गाडी हळूच मागे सरकली...

आणि धुक्यातून एक माणूस धावत आला. खाकी शर्ट, वर नारिंगी जाकीट, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, गळ्यात शिट्टी. त्याने कडेचा एक चपटा दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला.

गाडी थांबली.

त्याचं नाव मच्छिंद्र. तो तिथला मैलकुली. रस्त्याचा ठरावीक पट्टा सांभाळायचा, पडलेले दगड उचलायचे, कठडे आणि कडेचे दगड रंगवायचे, हे त्याचं काम. आमच्या चाकाखालचा दगडही त्यानेच रंगवलेला होता. अर्धा चुन्याने पांढरा, अर्धा काळा.

"भिऊ नका," तो म्हणाला. "आदी बारीक खडं येत्यात. टक... टक... करत. मंग मोटा येतो. खडं वाजलं, की पळायचं."

गाडी निवायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात त्याने बाटलीतलं पाणी दिलं, आणि चोवीस वर्षांत त्याच्या हद्दीत एकही माणूस दगडाने मेला नाही, हेही सांगितलं. मोठ्या अभिमानाने सांगितलं.

मग खालून हॉर्न ऐकू आला. तो गाड्या थांबवायला वळणाकडे निघाला. जाता जाता म्हणाला,

"ताई, निगताना दगड तेवढा काढा बरं का. धुक्यात मागच्याला दिसायचा न्हाय."

सलिलने गाडी सुरू केली, जराशी पुढे घेतली. दगड मोकळा झाला. मी काढायला खाली उतरले.

तेवढ्यात पावसाची जोरदार सर आली. आणि गाडीच्या टपावर...

टक.

टक... टक...

"चल, बस लवकर!" सलिल ओरडला. मी बसले. त्याने गाडी दामटली.

मागून धुक्यातून हाक आली. "ताई... दगड काढला का?"

मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि ओरडले, "काढला!"

आरशात तो दगड दिसत होता. रस्त्याच्या मधोमध, पांढरी बाजू वर. मग धुक्यात तोही दिसेनासा झाला.

घाट संपेपर्यंत आम्ही दोघं वर डोंगराकडे बघत होतो. दरड काही पडली नाही. वर पोहोचल्यावर चहा घेतला, कणीस खाल्लं. भांडणही मिटलं.

मंगळवारी सलिलच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक बातमी आली. घाटात दरडीच्या दगडाला मोटारसायकल धडकून मैलकुलीचा मृत्यू. रविवारी संध्याकाळी काम संपवून वरच्या वाडीला, घरी निघाला होता. कठड्यावरून खाली गेला.

सोबत दगडाचा फोटो होता.

अर्धा पांढरा.

डोंगरावरून पडलेल्या दगडाला चुना लावलेला नसतो हो. एवढं कोणाच्याच लक्षात आलं नाही. उलट खाली लोकांनी लिहिलं होतं, 'याच्याच हद्दीत दगड? मग हा पगार कशाचा घेत होता?'

सलिलने फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग फोन उलटा ठेवून म्हणाला, "तू काढला म्हणालीस ना? मग झालं तर."

बुधवारी सकाळी आमचे वॉचमन वैजनाथकाका वर आले. परभणीकडचे आहेत, कधी एक शब्द जास्त बोलत नाहीत.

"मॅडम, पार्किंगमध्ये दगड तुम्ही लावलाय का?"

खाली गेले. आमच्या मागच्या चाकाखाली चपटा दगड होता. अर्धा पांढरा. ओला.

पार्किंग सपाट आहे. वर पाच मजले आहेत. तिथे पावसाचा थेंबही येत नाही.

मी दगड उचलून नाल्यात टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चाकाखाली होता. कॅमेऱ्यात कोणीच दिसलं नाही. फक्त आदल्या संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वैजनाथकाका खुर्चीतून उठून आमच्या गाडीच्या टपाकडे बघताना दिसतात. विचारलं तर म्हणाले, "खडे वाजल्यासारखं झालं."

पंधरा दिवस मी रोज तो दगड काढत होते. मग एकटीच गाडी घेऊन त्या वाडीवर गेले. सांगून टाकायचं, एवढंच ठरवलं होतं.

त्याची बायको, बायडाबाई, दारात बसली होती. त्या दिवशी तुमच्या नवऱ्याने आम्हाला मदत केली, असं मी म्हटलं. तिने घाईघाईने चटई टाकली, मला बसवलं आणि माझा हात धरला.

"ताई, तुमी शेवटचं बघितलं त्यास्नी. खरं सांगा, प्यालं व्हतं का? समदी वाडी म्हनती पिऊन पडला. सायेब बी तसंच म्हनलं. माझा सासरा म्हनतो, नाव घालवलं."

"नाही हो, अजिबात नाही. शुद्धीत होते. फार चांगले वागले आमच्याशी."

"मंग ह्यांच्या हद्दीत दगड ऱ्हायला कसा? शिट्टी वाजवून, हाक मारून दहादा इचारनारा मानूस त्यो."

आता बोलायचं होतं. यासाठीच तर आले होते. तिने माझा हात सोडला नव्हता.

मी म्हणाले, "वरून पडला असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात सोडला.

"तसंच आसंल," म्हणाली.

मी उठले. गाडीपर्यंत पोहोचले, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"ताई, उताराला गाडी लावलीया. निगताना दगड काढा."

मी दगड लावलाच नव्हता.

वाकून बघितलं...

तो होता. पांढरी बाजू वर.

काढला, तिच्या कुंपणाशी ठेवला आणि निघाले. पुण्यापर्यंत मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कोथरूडमध्ये, आमच्याच चाकाखाली होता.

सलिलला वाटलं, गाडीतच काहीतरी आहे. त्याने ती विकली. आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी दगड माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकाला लागलेला होता. तेव्हापासून सलिल स्कूटरवर माझ्या मागे बसत नाही. फारसं बोलतही नाही. नवऱ्याला भुताची भीती वाटते की माझी, हे मी विचारलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, त्या बाईला खरं सांगून टाक. सोपं आहे, नाही का? मला ते जमलं नाही. मी भित्री आहे आणि खोटारडी आहे. इथे लिहिते आहे, कारण इथलं कोणी खरं मानत नाही. वाडीत मात्र अजून मच्छिंद्रला दारुडा म्हणतात, आणि माझ्या एका वाक्याने ते थांबेल.

आज सकाळी क्लासला निघाले. दगड काढला, भिंतीशी ठेवला. स्कूटरवर बसले. आजूबाजूला कोणी नव्हतं. का कोण जाणे, मोठ्याने म्हणाले, "काढला."

वर स्कूटरच्या शेडच्या पत्र्यावर...

टक.

टक... टक...

मग अगदी मागच्या सीटवरून, कानाशी, तोच आवाज आला. रागावलेला नव्हता. दमलेला होता.

"कुठं काढलाय, ताई? तितंच हाय."