सुटलेल्या गाठीचं टोक

आठवड्यात सहाव्यांदा तो दुकानाच्या पायरीवर दिसला, तेव्हा तिनं मान वर न करताच विचारलं, "परत सुटली?"

"सुटली," तो म्हणाला. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा हा मेकॅनिक, पण चेहरा असा की जणू अख्खी बोटच बुडाली.

वडिलांच्या मासेमारी-सामानाच्या दुकानात दोरीला गळ बांधून द्यायचं काम तिचं. सात वर्षांत एक तक्रार नव्हती, आणि आता हा बाबा हात धुऊन मागे लागलेला. सकाळीच वडिलांनी बजावलं होतं, "अजून एक तक्रार आली की गाठी मी बांधणार. तू आतला माल लाव." ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. त्यात एकच प्रश्न डोकं खात होता – सगळ्यांची टिकते, मग ह्याचीच कशी सुटते?

"संध्याकाळी किनाऱ्यावर येते. बघू तरी."

"अहो, कशाला त्रास..."

"त्रास माझा, गाठ माझी. तुमचं काय जातंय?"

उन्हं कलल्यावर ती पोचली. वाळू अजून कोमट होती. तो गुडघाभर पाण्यात उभा, आणि रिकाम्या दोरीची काठी वाळूवरच्या त्याच्या पिशवीला टेकवलेली. तिनं दोरीचं टोक बोटांत धरलं. गाठ सुटली की टोक कुरळं होतं, हे तिला झोपेतही कळलं असतं. हे टोक तर सरळसोट.

"माशानं कात्री आणली होती वाटतं?"

त्याचे कान लाल झाले. मग त्यानं खिशातून एक डबी काढली. आत सहा गळ, सहाही तिच्या गाठींसकट.

"तुमची गाठ सुटतच नाही हो. दगडात अडकवून ओढून पाहिली... शेवटी कापावीच लागली. दुकानात यायला काहीतरी कारण हवं ना."

तिला हसू येत होतं आणि रागही. राग आधी बाहेर पडला. "माझं काम जाणार होतं, कळतंय का?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "हे... नव्हतं माहीत. आत्ताच सांगतो तुमच्या बाबांना. गाठ पक्की आहे, मीच खोटारडा."

"आणि खोटं कशाला बोललात, असं विचारलं तर?"

त्यानं डबी तिच्यापुढे धरली. "तर सांगेन... मुलगी आवडते तुमची. पण हे आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, नाही?"

"सांगितलंत की आत्ता."

तिनं डबीतला एक गळ उचलला, दोरी ओवली, गाठ ओठांनी ओली करून घट्ट आवळली. गाठ नेहमीसारखीच बसली.

"टाका. आज कापायची नाही."

उजेड मावळता मावळता काठी वाकली. त्यानं ओढलं, माशानं ओढलं, दोरी ताणली गेली... आणि टिकली. चांगला हातभर मासा वाळूवर आला. तो गळ काढायला वाकला, तशी तिनं त्याचं मनगट धरलं.

"राहू द्या. असाच घेऊन चला दुकानात. बाबांना गाठ दाखवा, आणि मग ते दुसरंही सांगा."

दुकानापर्यंत चालत जाताना तिनं मनगट सोडलं नाही.