चार टेंगळांची कडी

कडी गोल नव्हती. दिसायला होती, पण शाळेच्या उपग्रहाला दिसण्याशी कर्तव्य नव्हतं. त्याच्या कॅमेऱ्याचं भिंग या कडीत बसायचं होतं आणि कडी न्यायला गाडी दोनला येणार होती. बारा वाजून गेले होते. शाल्मली आबांच्या वर्कशॉपात नुसती येरझाऱ्या घालत होती.

"चार टेंगळं आहेत, ताई," यंत्र चालवणारे रोबो रावसाहेब म्हणाले. "पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक टेंगूळ केसाच्या विसाव्या भागाएवढं."

"पण चारच का? आणि तिथंच का?"

आबा निवृत्त शास्त्रज्ञ. खुर्चीतून न उठता ते म्हणाले, "गोल कापताना कडीखालचं टेबल दोन मोटरी हलवतात. एक डावी-उजवीकडे, दुसरी मागे-पुढे. डाव्या टोकाला पहिलीला काय करावं लागतं?"

"थांबून उलटं फिरावं लागतं."

"थांबली, की घर्षण (घासणाऱ्या भागांची एकमेकांना धरून ठेवायची खोड) तिला पकडतं. त्यात ही सर्वो मोटर (आपली चूक मोजून सुधारणारी). म्हणजे आधी चूक होणार, मग ही जोर लावणार. तेवढ्यात टेंगूळ."

नवी कडी कापताना रावसाहेबांनी चूक दिसताच दुप्पट जोर लावून पाहिला. मोटर थरथरली आणि कडीभर लाटा उठल्या. ओरडा खाल्लेल्या मुलाचं अक्षर असंच येतं.

साडेबाराला आजीची हाक आली, "पानं वाढलीत."

शाल्मली धावली. पानं रिकामी, भात शेगडीवर.

"आजी, हे खोटं झालं."

"हाक मारल्यावर तुझे आबा दहा मिनिटांनी उठतात. त्यांना भात गरम हवा, तर हाक आधीच मारायला नको?"

शाल्मली तशीच मागे पळाली. "रावसाहेब, चुकीची वाट कशाला बघता? कुठं वळायचंय ते आधीच ठाऊक आहे. चूक व्हायच्या आधीच मोटरला ढकला."

ढकललं. टेंगळाच्या जागी खड्डा पडला.

"धक्का मोठा झाला. निम्मा करा."

पुढची कडी रावसाहेबांनी तीनदा मोजली. गोल होती.

"ही युक्ती कोणत्या नावानं साठवू?"

"आजी," शाल्मली म्हणाली. कडी डबीत ठेवताना ती थबकली. "आबा, उपग्रहात कॅमेरा फिरवायलाही मोटर आहे. तीही उलटी फिरणार."

"फिरणार."

"मग तिच्यातही आजी बसवायला हवी."

"गाडी आली गं," आतून हाक आली.

शाल्मली डबी घेऊन फाटकाशी धावली. रस्ता रिकामा होता.

"येईल दोनला," आजी दारातून म्हणाली. "तोवर दोन घास खा."

आबा आत्ता कुठं खुर्चीतून उठत होते.